धान्य आपले, गिरणी त्यांची



आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना घरचे जाते आठवत असेल. पहाटे उठून दळायचे, आणि जाते बोथट झाले की टाकी लावणाऱ्याची वाट बघायची. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि आयाबायांचे ते कष्ट संपले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. धान्य आपले आणि पीठही आपलेच. गिरणीवाला दळणावळ घेई, एवढेच. त्याची गिरणी बंद पडली तर दळणाचा डबा उचलून शेजारच्या गावी जाता येई.

आज मी आपल्याला एका निराळ्या गिरणीची हकीकत सांगणार आहे. ही गिरणी आहे वेबसाइटची, म्हणजे संकेतस्थळांची. हजारो लोकांची संकेतस्थळे एकाच यंत्रणेवर चालवून द्यायची, हा धंदा गेल्या तीस वर्षांत उभा राहिला. त्याचा इतिहास पाहताना एक प्रश्न आपण मनाशी ठेवू या. दळण तर झाले, पण पीठ कोणाचे?

१९९४ साली कॅलिफोर्नियात एक सेवा सुरू झाली. तिला पुढे 'जिओसिटीज' हे नाव मिळाले. तिथे कोणालाही फुकट जागा मिळे. निरनिराळ्या वस्त्या पाडलेल्या होत्या. शिक्षण आणि साहित्य यांवर लिहिणाऱ्याने 'अथेन्स' वस्तीत बिऱ्हाड करायचे. लोकांनी हौसेने लाखो पाने मांडली. १९९९ साली 'याहू' कंपनीने ही सेवा विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली ती सगळी वसाहत उठवली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून पुष्कळ पाने उतरवून घेतली, म्हणून तेवढी वाचली.

हे दूरचे वाटेल, म्हणून घरचा दाखला देतो. आमच्या महाविद्यालयातील मुलांनी एका उन्हाळ्यात आसपासच्या गावांतल्या वीरगळांची नोंद केली. मापे घेतली, फोटो काढले, म्हाताऱ्या माणसांकडून आठवणी उतरवून घेतल्या, आणि सगळे एका फुकट सेवेवर चढवले. काही वर्षांनी ती सेवा बंद झाली. बंद होणार असल्याची सूचना आली होती, पण ती गेली शिकून बाहेर पडलेल्या एका मुलाच्या पत्त्यावर. आमच्या हाती राहिल्या दोन वह्या. आठवणी सांगणारे एक आजोबा तोवर वारलेही होते. तेव्हापासून मी या विषयाकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहू लागलो.

आता बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात चला. साल २०००. तिथल्या विद्यापीठातले आठ विद्यार्थी एकच इंटरनेट जोडणी वाटून घेत होते. जोडणी चालू आहे की बंद, रात्री जेवायला कोण कुठे, असे निरोप ठेवायला काही सोय नव्हती. त्यांच्यातल्या ड्रीस बायटार्ट याने एक छोटी फळ्यासारखी व्यवस्था लिहिली. शिक्षण संपल्यावर मित्र पांगणार, म्हणून ती इंटरनेटवर ठेवायचे ठरले. डच भाषेत खेड्याला 'डॉर्प' म्हणतात. ते नाव नोंदवायचे होते. टंकताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि झाले 'ड्रॉप', म्हणजे थेंब. ते नाव त्याला आवडले. पुढे २००१ च्या जानेवारीत त्यामागचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा थेंब या अर्थाच्या डच शब्दावरूनच त्याला 'ड्रुपल' म्हटले गेले.

खुले झाले म्हणजे काय? तर त्याचा परवाना असा, की हे सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. मात्र बदललेले सॉफ्टवेअर वाटायचे झाल्यास तेही याच अटींवर वाटावे. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी पुढे आणलेले 'वर्डप्रेस' याच परवान्याखाली आहे. आपल्या मराठी वाचकांच्या ओळखीची 'मायबोली' आणि 'मिसळपाव' ही संकेतस्थळे ड्रुपलच्याच आधारावर चालत आलेली आहेत.

पण बघा, सॉफ्टवेअर फुकट मिळाले म्हणजे घरी जाते आले, एवढेच. ते फिरवायला माणूस हवा आणि वेळोवेळी टाकीही लावायला हवी. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधली एक मोठी खोट जाहीर झाली आणि तिची दुरुस्तीही त्याच दिवशी देण्यात आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा मंडळींनी सांगितले, की ज्यांनी ही दुरुस्ती सात तासांच्या आत केली नसेल त्यांनी आपल्या घरात चोर शिरला असेच धरून चालावे. सात तास! एखाद्या शाळेचे किंवा वाचनालयाचे संकेतस्थळ सांभाळणारा शिक्षक तेवढ्या वेळात तास घेत असेल, नाहीतर झोपलेला असेल.

इथे गिरणीची गरज पटते. एकाच सॉफ्टवेअरची प्रत ठेवायची, तिच्यावर शेकडो, हजारो संकेतस्थळे चालवायची आणि प्रत्येकाचा मजकूर मात्र वेगळा राखायचा. दुरुस्ती एकदा केली की सगळ्यांची झाली. बायटार्ट यांनी २००७ साली स्थापलेल्या 'अ‍ॅक्विया' कंपनीने याच रीतीने 'ड्रुपल गार्डन्स' ही सेवा २०१० साली लोकांपुढे आणली. वर्डप्रेसच्या बाजूने 'वर्डप्रेस डॉट कॉम' २००५ पासूनच होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला खास शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी 'एड्युब्लॉग्ज' सुरू झाली, तीही वर्डप्रेसवरच.

ड्रुपल गार्डन्समध्ये एक सोय मोलाची होती. आपले संकेतस्थळ, त्याचा मजकूर, त्याची मांडणी आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर, हे सगळे बांधून घेऊन दुसरीकडे नेता येई. २०१६ साली ती सेवा बंद झाली. गिरणी बंद झाली खरी, पण गिऱ्हाइकाला डबा उचलून दुसऱ्या गिरणीत जाण्याची वाट होती. जिओसिटीजच्या लोकांना पाने उतरवून घेता आली असती, पण ती वसाहत चालवणारी यंत्रणा त्यांच्या हाती नव्हती. दोन्ही सेवा बंदच पडल्या, पण फरक पडला तो परवान्याने आणि त्या एका सोयीने.

तरी परवाना मिळाला की सगळे निभावले, असे समजू नका. २०२४ च्या सप्टेंबरात मुलेनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही वर्डप्रेसची संकेतस्थळे सांभाळणारी कंपनी यांच्यात जाहीर वाद पेटला. ज्या मध्यवर्ती ठिकाणाहून वर्डप्रेसचे जोडभाग आणि त्यांच्या सुधारणा येतात, तिथली वाट त्या कंपनीला बंद करण्यात आली. भांडण दोघांचे, आणि खोळंबा झाला गिऱ्हाइकांचा. डिसेंबरात कॅलिफोर्नियातील न्यायालयाने ती वाट खुली करण्याचा अंतरिम आदेश दिला. सॉफ्टवेअर सर्वांचे होते, पण त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्याला फाटक होते आणि त्याची किल्ली एकाच्या हाती होती.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावाचा इतिहास, शाळेचे हस्तलिखित, बचत गटाचा हिशेब, जे काही आपण इंटरनेटवर ठेवाल ते जरूर गिरणीत द्या. हल्ली घरोघरी जाते कोण फिरवणार? पण देण्यापूर्वी गिरणीवाल्याला तीन गोष्टी विचारा. माझे सगळे सामान मला एकदम उतरवून घेता येईल का? ते दुसरीकडे चालेल का? आणि संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे? तिसरे उत्तर 'शाळेच्या' असे असू द्या. एका मुलाच्या किंवा एका शिक्षकाच्या नावावर नको.

आमच्या त्या दोन वह्या आम्ही पुन्हा नव्या ठिकाणी चढवल्या. वीरगळांचे फोटो नव्याने काढले. आजोबांची आठवण वहीत होती तेवढीच राहिली. आता दर दिवाळीच्या सुट्टीत दोन विद्यार्थी सगळ्याची प्रत उतरवून घेतात आणि ग्रंथपालांच्या कपाटात ठेवतात. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, ते दारावर लिहून ठेवले आहे.