वसईचे अवशेष व मेणवलीची घंटा

सातारा-सांगलीकडून वसई पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा एकच प्रसंग मनांत धरून जातो : इ. स. १७३९ च्या मे महिन्यांतील चिमाजी आप्पांचा विजय. तें उचितच आहे. परंतु त्यापूर्वीं तें शहर कोणाकोणाचें होतें व त्यांतील कोणती वस्तु कोणत्या काळची, हें ध्यानांत घेतल्यावांचून तेथील दगडांची ओळख पटत नाहीं.

गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें १५८० त पोर्तुगालचें राज्य स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे गेलें. तेव्हांपासून १६४० पर्यंत, साठ वर्षें, कोंकणांतील हें बंदर स्पेनच्या राजांच्या छत्राखालीं होतें. मात्र पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजांच्याच हातीं राहील, असें वचन फिलिपनें १५८१ त तोमार येथील सभेंत दिलें होतें. त्यामुळें वसईस अधिकारी पोर्तुगीजच राहिले व भाषाही तीच राहिली. म्हणून स्पॅनिश राजांचा काळ तेथें सनावरूनच ओळखावा लागतो.

किल्ल्यांतील सेंट जोसेफ ह्या मुख्य ख्रिस्ती देवालयाचें उदाहरण घेऊं. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या वेळीं, १६०१ सालीं, त्याचें नूतनीकरण झाल्याचें द्वारावरील लेख सांगतो. त्या वर्षीं स्पेनच्या गादीवर तिसरा फिलिप होता. त्याच पिढींतील गोन्सालो गार्सिया हा वसईचा पुत्र. तो स्पॅनिश अमलाखालील फिलिपाइन्समध्यें फ्रान्सिस्कन संघांत शिरला, तेथून जपानांत गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस क्रूसावर मरण पावला. १८६२ त त्यास संतपद मिळालें.

वसईच्या प्रेक्षणीय वस्तु वसईंतच संपत नाहींत. ज्या कृष्णेचें पाणी पुढें सांगलीस जातें, तिच्याच काठीं वाईजवळ मेणवली येथें नाना फडणिसांचा वाडा व घाट आहे. तेथील मोठ्या घंटेवर बालयेशूस घेतलेल्या मेरीची उठावाची आकृति असून सन १७०७ आहे. ही घंटा चिमाजी आप्पांनीं वसईहून आणली, अशी परंपरा आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेविषयींही तसेंच सांगतात. तिचा सन १७२१.

ह्या सनांवरून दोन गोष्टी निघतात. पहिली, ह्या घंटा स्पॅनिश राजांच्या काळच्या नव्हेत; मेणवलीची घंटा त्यांचा अंमल सुटल्यावर ६७ वर्षांनीं ओतली गेली. दुसरी, दोन्ही सन १७३९ च्या अलीकडचे नसल्यानें परंपरेस बाध येत नाहीं. तथापि बाध न येणें म्हणजे सिद्ध होणें नव्हे. कोणती घंटा कोणत्या देवालयांतून निघाली, हें केवळ सनावरून ठरत नाहीं. त्यास कागदाचा आधार पाहिजे.

वसईच्या मोहिमेचे पुष्कळ कागद सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवडून छापले आहेत. त्यांच्याशीं ताडून पाहण्यासाठीं आपल्या जिल्ह्यांतील अशा प्रत्येक घंटेचे ठसे घेतले पाहिजेत, आकृति व अक्षरें नोंदविलीं पाहिजेत. हात लागून व ऊनपावसानें अक्षरें झिजतात. तीं एकदां गेलीं कीं मागें केवळ दंतकथा उरेल. घंटा वाजविण्यास भाविक आहेतच. ती वाचणारेही पुढें यावेत, एवढीच आमची विनंती आहे.