राळेच्या भडक्यापासून लघुपटापर्यंत: सिंधुदुर्गातील भयखेळाचा इतिहास

सिंधुदुर्गात रात्रभर जागून भीतीचा खेळ पाहण्याची रीत सिनेमापेक्षा कितीतरी जुनी आहे. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांत कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत देवळासमोर दशावतार होतो. मालवणीत त्याला धयकालो म्हणतात, कारण पहाटे दहीहंडी फुटली की खेळ आटोपतो. हा खेळ कोकणात आणल्याचे श्रेय परंपरेने राजापूरजवळच्या आडिवऱ्याचे शामजी नाईक काळे यांना दिले जाते आणि काळ अठराव्या शतकाचा सांगितला जातो. पुढे वालावल, मोचेमाड, चेंदवण अशा गावांच्या नावांनी मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांचे सगळे भांडवल एका पेटाऱ्यात मावत असे. कपडे, मुकुट, शस्त्रे आणि रंग त्यात भरून नट पायी गावोगाव फिरत. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, अशी त्यांच्याविषयी म्हणच आहे. रंगमंचावर एक लाकडी बाक असे. तेच सिंहासन, तोच रथ आणि प्रसंगी तोच डोंगर. संहिता लिहिलेली नसे. आख्यान ठरले की संवाद नट उभ्या उभ्या रचत, आणि आजही बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे.

मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेले की वेद चोरणारा संकासुर अवतरतो. काळ्या वेषातला हा राक्षस मालवणीत बोलतो, सूत्रधाराला उलटसुलट उत्तरे देतो आणि मंडपाला हसवतो. पुढच्या रांगेतली पोरे मात्र त्याला घाबरून आईच्या पदराआड जातात. हसू आणि धास्ती एकाच पात्रात बांधण्याची ही युक्ती फार मोलाची आहे. कोकणातल्या पुढच्या भयकथांमध्ये जे जे टिकले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ती दिसते.

राक्षसाच्या प्रवेशाचे खरे बळ राळेत होते. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. त्याची बारीक पूड करून मूठभर पूड पेटत्या मशालीवर फेकली की कणन् कण एकदम पेट घेतो आणि पिवळ्या ज्वाळेचा लोळ उठतो. लोळ क्षणभरच टिकतो. डोळे दिपलेल्या प्रेक्षकाला त्यानंतरचा काळोख आधीपेक्षा गडद वाटतो आणि त्या काळोखात नट पुढे सरकलेला असतो. धूर विरेपर्यंत त्याचा रंगवलेला चेहरा अर्धाच दिसतो. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवल्यानंतर मराठी मुलखात जी पौराणिक नाटके फिरू लागली, त्यांतही राक्षस राळेच्या भडक्यात आणि ‘अलल् डुर्र’ अशा आरोळीनिशी येत. पुढच्या पिढीने या नाटकांना ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी हेटाळणीची नावे दिली. त्या हेटाळणीत एक कारागिरी दृष्टिआड झाली, हे मराठी रंगभूमीचे मोठे नुकसान आहे. उजेड, आवाज आणि रंग एकाच क्षणी प्रेक्षकावर आदळवण्याचे तंत्र त्या नटांना पक्के ठाऊक होते.

मशाली गेल्या, गॅसबत्त्या आल्या, मग वीज आली. स्थिर पांढऱ्या उजेडात रंगवलेला चेहरा सपाट दिसू लागला आणि सावल्यांचे हलणे थांबले. ती उणीव पायपेटी, पखवाज आणि झांजेने भरून काढली. युद्धाच्या किंवा राक्षसप्रवेशाच्या वेळी पखवाजाची लय वाढत जाते, एकदम तुटते, आणि त्या शांततेत संवाद पडतो.

सावलीचा स्वतंत्र खेळ कुडाळजवळच्या पिंगुळीत जगला. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगणे), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या अशा तिन्ही कला जपल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो. बाहुली दिव्याकडे नेली की पडद्यावरची आकृती मोठी आणि पुसट होते, पडद्याला टेकवली की लहान आणि धारदार. राक्षस वाढताना दाखवायला याहून जास्त काही लागत नाही. या परंपरेचे वारसदार परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात या कलांचे संग्रहालय उभारले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या खेळांना मिळालेला प्रेक्षकही निराळा होता. सिंधुदुर्गात भूत आणि देव यांच्यात पक्की भिंत नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार. तो रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून भाविक त्याला मोठाल्या चामडी चपला वाहतात आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. देवचार नावाचा राखणदार आत्मा वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो, असे अनेक गावांत सांगतात. तेव्हा इथली भीती परक्या सैतानाची नव्हे. ती घरच्याच, मानपान ठेवावा लागणाऱ्या आणि चुकल्यास कोपणाऱ्या शक्तीची आहे.

कमी पैशांत भय उभे करण्याची अशीच विद्या इटलीत सिनेमाच्या कॅमेऱ्यामागे घडत होती. रिकार्दो फ्रेदा यांनी अर्धवट सोडलेला ‘इ वाम्पिरी’ हा १९५७ चा चित्रपट छायालेखक मारिओ बावा यांनी पूर्ण केला. त्यात एक तरुण स्त्री कॅमेऱ्यासमोर, चित्रण कुठेही न तोडता म्हातारी होते. नटीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढलेल्या होत्या. लाल प्रकाशात कृष्णधवल फिल्मवर त्या दिसत नाहीत. प्रकाश हळूहळू हिरव्याकडे वळवला की त्या काळ्या पडून वर येतात. वडील युजेनियो यांच्याकडून चित्रचमत्काराचे शिक्षण घेतलेल्या बावांनी १९६० च्या ‘ला मास्केरा देल देमोनिओ’पासून स्वतःच्या नावाने भयपट केले. अंतराळातल्या ग्रहावर घडणारा १९६५ चा चित्रपट त्यांनी प्लास्टिकचे दोन खडक, आरसे आणि भरपूर धूर यांच्यावर निभावला. पुढे दारिओ अर्जेंतो यांनी ‘सुस्पिरिया’त (१९७७) लाल-निळ्या प्रकाशाला आणि गॉब्लिन या वाद्यवृंदाच्या संगीताला कथेपेक्षा वरचे स्थान दिले. आज जगभरचे होतकरू लघुपटकार या चित्रपटांकडे पुन्हा वळतात ते याच कारणाने. दिव्यासमोर रंगीत कागद लावायला पैसा लागत नाही, नजर लागते.

मुंबईत ही वाट रामसे बंधूंनी धरली. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला अगदी छोट्या ताफ्यात चित्रित केला. कॅमेरा गंगू रामसे यांचा, बाकीची कामेही भावाभावांत वाटलेली. मराठीत वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ मध्ये आला. मालवणी मुलखातले खरे गूढ मात्र पडद्यावर आले ते दुसऱ्या प्रांताच्या वेषात. वेंगुर्ले परिसरातच वाढलेले चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या ‘कोंडुरा’ कादंबरीवर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपट केला, पण त्याची भूमी आंध्रात हलवली. चित्रपट म्हणून तो सकसच आहे. तरी वेंगुर्ल्याजवळचा कोंडुऱ्याचा किनारा, तिथल्या लाटांची घुमणारी गाज आणि मालवणी बोली त्यात नाही, ही चुटपूट राहते.

त्याच सुमाराला आणि त्यानंतर दशावताराने स्वतःच सिनेमाकडून उसने घ्यायला सुरुवात केली. ‘ट्रिकसीनयुक्त दशावतारी नाटक’ ही ओळ आता जत्रेच्या फलकावर हटकून असते. धूर सोडणारे यंत्र, रंगीत दिवे, ठिणग्या, धडावेगळे झालेले आणि तरीही बोलणारे मुंडके, मंचावर अवतरणारा नाग अशा गोष्टींसाठी लोक लांबून येतात. जुन्या जाणत्या रसिकांना हा भपका वाटतो, आणि अभिनय मागे पडतो ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. तरीही ट्रिकसीन हा राळेचाच वंशज आहे. समोर बसलेल्या माणसांपुढे, दुसऱ्यांदा चित्रण करण्याची सोय नसताना, हातातल्या सामानातून चमत्कार उभा करायचा, हे काम मोठ्या स्टुडिओतल्यापेक्षा अवघड आहे.

दूरचित्रवाणीने या मातीला तिच्याच बोलीत पाहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. चित्रण आकेरीतल्या एका जुन्या वाड्यात झाले. मालिकेचे नाव ‘हा खेळ सावल्यांचा’मधल्या गाण्याचे होते. २०१९ चे दुसरे पर्व आणि त्यातले अण्णा नाईक, शेवंता ही पात्रे घरोघरी पोहोचली, २०२१ मध्ये तिसरे पर्व आले. विहीर, माजघर, परसातली वाट आणि कंदिलाचा उजेड एवढ्यावर मालिकेने भय उभे केले. संकासुराचा वारसा तिच्यात स्पष्ट आहे, कारण धास्तीच्या प्रसंगाला लागूनच मालवणी विनोद येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी म्हातारा दशावतारी नट रंगवला, आणि रंगलेला चेहरा व काळोख यांचे जुने नाते मोठ्या पडद्यावर आले.

मोबाइलवर चित्रण शक्य झाल्यापासून मालवणी लघुपटांना यूट्यूब हा मंच मिळाला आहे. त्यांतल्या भयपटांनी इथली भुते घेतली, पण कारागिरी क्वचितच घेतली. अंधारात मोबाइलचे चित्र खरखरीत होते. मग सगळीकडे उजेड पाडला जातो आणि भय निघून जाते. त्यावरचा उपाय गावातच आहे. एकाच बाजूने येणारा रंगीत दिवा, मधे धूर आणि बाकीचे काळे सोडून देणे, हे मशालीच्या काळातले गणित मोबाइललाही चालते. विकत घेतलेल्या पार्श्वसंगीतापेक्षा मध्येच तुटणारा पखवाज जास्त काम करतो. राक्षसपार्टी म्हणजे राक्षसाची भूमिका करणारा नट आपला चेहरा आपणच रंगवतो, लढाईचे पवित्रे जाणतो आणि संहितेवाचून तासभर बोलू शकतो. एवढी कामे एका माणसात असल्यावर त्याचे मानधन खर्चाच्या यादीत सर्वांत वर हवे. अडचण मोसमाची आहे. कार्तिक ते वैशाख मंडळ्या फिरतीवर असतात. नट मोकळे होतात ते पाऊस लागल्यावर, जेव्हा वीज बेभरवशाची असते आणि दिवसाचा उजेडही सावली पडू देत नाही. त्यामुळे अशा लघुपटाचे चित्रण बहुधा जत्रांमधल्या मोकळ्या रात्री साधून किंवा पावसाळ्यात घराच्या आतच करावे लागते.