विद्युत अभियांत्रिकी, न्यायसहायक

विजेमुळे झालेला मृत्यू, आग, यंत्रातील बिघाड किंवा वीजचोरी यांची कारणे तांत्रिक पुराव्यावरून ठरवून ती न्यायालयापुढे मांडणारी अभियांत्रिकीची शाखा. भारतात हे काम मुख्यतः शासनाचे विद्युत निरीक्षक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा (महाराष्ट्रातील संचालनालय मुंबईत कालिना येथे आहे) आणि विमा कंपन्या वा पक्षकार यांनी नेमलेले खासगी तज्ज्ञ करतात.

कायदेशीर आधार : विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ प्रमाणे वीज अपघाताची सूचना देणे बंधनकारक असून शासन निरीक्षकाकडून चौकशी करवू शकते. तज्ज्ञमताची ग्राह्यता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये आहे (पूर्वीच्या १८७२ च्या कायद्यात कलम ४५). काही शासकीय तज्ज्ञांचे अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतात. अशा तज्ज्ञांच्या कायद्यातील यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक आहेत; विद्युत निरीक्षकाचा मात्र पदनामाने उल्लेख नाही. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवण्याची शिक्षा सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंतच असल्याने विजेच्या धक्क्याने झालेले बहुतेक मृत्यू या तरतुदीबाहेर राहतात. ही उणीव गंभीर आहे. तुटलेली तार पुरवठा सुरू करण्याच्या घाईत जोडली जाते आणि अपघाताचे खरे कारण सांगू शकणारी तुटीची टोके भंगारात जातात.

घटनास्थळाची तपासणी : आगीच्या पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ हे कारण सर्रास लिहिले जाते. अभियंत्याच्या दृष्टीने ते उत्तर अपुरे आहे. तांबे सुमारे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. तारा भिडून आर्क झाल्यास टोकाला गोल, चकचकीत मणी तयार होतो. परंतु आगीने आवरण जळाल्यावर चालू तारा एकमेकींना भिडल्या तरी तसाच मणी होतो. म्हणून मणी सापडल्याने आग विजेनेच लागली, असे सिद्ध होत नाही. कोणता एमसीबी पडला, कोणता पडला नाही, फ्यूजमध्ये मूळ तारेऐवजी जाड तार घातली होती काय, अर्थिंग शाबूत होते काय, यांवरून घटनाक्रम जुळवावा लागतो. सैल जोड विशेष फसवा असतो : तो तापतो, पण प्रवाह वाढत नसल्याने एमसीबी पडत नाही. आर्कच्या खुणांवरून आगीचा उगम शोधण्याच्या पद्धतीला किती वजन द्यावे, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

उपहार चित्रपटगृह, दिल्ली : १३ जून १९९७ च्या या आगीत ५९ प्रेक्षक दगावले. तांत्रिक कारणमीमांसा न्यायालयीन कागदपत्रांत तपशिलाने आलेली असल्याने हे प्रकरण अभ्यासकाला फार उपयोगी आहे. इमारतीतील दिल्ली विद्युत बोर्डाच्या १,००० केव्हीए ट्रान्सफॉर्मरमध्ये त्याच सकाळी बिघाड होऊन आग लागली होती. दुरुस्ती करताना केबलचे अॅल्युमिनियमचे सॉकेट क्रिंपिंग यंत्राने न दाबता डाय व हातोड्याने ठोकून बसवले गेले. संध्याकाळी बी-फेजची केबल ठिणग्या उडत सुटली आणि रेडिएटरच्या पात्यावर पडली. पात्याला भोक पडून तेल बाहेर आले व पेटले. बिघाड होताच पुरवठा तोडणारे संरक्षक रिले तेथे नव्हते. एक नीट दाबलेला जोड किंवा एक चालू रिले यांपैकी काहीही असते, तर ठिणगी आगीपर्यंत पोचलीच नसती. बंद झालेल्या वाटा आणि वाढवलेल्या खुर्च्या यांमुळे बाल्कनीतील लोक धुरात अडकले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाईची जबाबदारी चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर ८५ टक्के व विद्युत बोर्डावर १५ टक्के अशी विभागली.

दायित्व : रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार दगावल्याच्या मध्य प्रदेशातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कठोर दायित्वाचे तत्त्व लावले. तिऱ्हाइताने वीज चोरण्यासाठी तार ओढली होती, हा वीज मंडळाचा बचाव टिकला नाही. तेव्हापासून निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे वारसांवर नाही. विजेनेच मृत्यू झाला, हे दाखवण्याचे मात्र आहे. कमी दाबाच्या, विशेषतः ओल्या त्वचेतून बसलेल्या धक्क्याची दाहखूण अनेकदा दिसत नाही. अशा वेळी मोटर, गिझर किंवा खांब यांची गळतीची मोजमापे शवविच्छेदनाइतकीच महत्त्वाची ठरतात.

वीजचोरी : कलम १३५ खालील खटले विशेष न्यायालयांत चालतात. तारेवर टाकलेला आकडा डोळ्यांना दिसतो. मीटरमधील फेरफार मात्र त्याच्याच स्मृतीतील दाब, प्रवाह व वेळ यांच्या नोंदींवरून उघड होतो.

वन्यजीव : विदर्भात शेतीच्या कुंपणात सोडलेल्या विजेने वाघ मरतात; अशा वेळी वीज कोणत्या वाहिनीवरून घेतली, हे उपकेंद्रातील ट्रिपिंगच्या वेळांवरून शोधता येते.

ध्वनिमुद्रण : मुद्रणात उतरलेला ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट ग्रिडच्या वारंवारतेच्या नोंदींशी ताडून मुद्रणाची वेळ व त्यातील कापाकापी तपासतात.