किल्ली लॉकरातच!

जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स चढवले ते निव्वळ फुकट मिळते म्हणून. मी बी.कॉम. आहे, फुकट म्हटले की माझी सारासार बुद्धी रजेवर जाते. सगळे झकास झाले, फक्त वाय-फाय लागेना. पडद्यावर सूचना आली : कार्डाचे फर्मवेअर नाही, इंटरनेटवरून उतरवून घ्या. अहो, इंटरनेट असते तर रडलो असतो कशाला? लॉकरची किल्ली लॉकरातच ठेवून घरी जाणाऱ्या खातेदारांना मी वीस वर्षे हसलो, त्याचे हे फळ! कार्ड कुठल्या कंपनीचे ते विचारू नका. बँकेतल्या माणसाने नावे फोडू नयेत.

पण दुखणे जुने आहे. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स जाहीर केले, तेव्हा वाय-फायचे नियमसुद्धा ठरलेले नव्हते. ते ठरले १९९७ मध्ये. पुढे लॅपटॉपात कार्डे आली, पण पुष्कळ कंपन्यांनी ड्रायव्हर दिला तो विंडोजपुरता. ब्रॉडकॉमने तर आपली चिप कशी चालते हे लिनक्सवाल्यांना सांगितलेच नाही. मग निघाला एनडिसरॅपर नावाचा तोडगा. विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधायचा! शेजाऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचण्यातला प्रकार. वाचता येते, पण डोके दुखते.

काही हट्टी मंडळींना हे पटेना. त्यांनी दोन गट केले. एका गटाने तयार ड्रायव्हर उलगडून तो चिपशी काय बोलतो ते टिपून काढले. दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता, नुसत्या टिपणावरून नवा लिहिला. नक्कल केल्याचा ठपका नको ना! आमच्याकडे एकाने व्हाउचर लिहायचे, दुसऱ्याने पास करायचे, तशातलेच. फक्त इथे ओव्हरटाइम नाही. जून २००६ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्सच्या २.६.१७ आवृत्तीत दाखल झाला. फर्मवेअर मात्र कंपनीचेच, ते विंडोजच्या ड्रायव्हरातून कापून काढावे लागे. ब्रॉडकॉमने नव्या चिपांसाठी स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये.

एवढ्या लोकांनी रात्री जागवल्या, आणि मला तीन ओळी टाइप करायच्या होत्या. शोकेसवरच्या राउटरची तार दोनच हात लांब, म्हणून स्टुलावर अवघडून बसलो. आज्ञेच्या आधी 'सुडो' लिहावे लागते. मी ते 'सूड' समजूनच बडवले. फर्मवेअर उतरले. तरी वाय-फाय लागेना!

मुलगी आली. तिने लॅपटॉपच्या कडेची एक बारीक कळ सरकवली, आणि वाय-फाय लागले.

ती कळ कधीपासून बंद होती, हे मी तिला विचारले नाही.