उज्जयिनी: विजयाचे नाव



क्षिप्रा नदीकाठचे उज्जैन ही प्राचीन अवंती देशाची राजधानी. ‘उज्जयिनी’ म्हणजे विजय मिळवणारी. प्रेषितांच्याच शतकातील एका ग्रीक सागरप्रवासवर्णनात तिचे नाव ‘ओझेनी’ असे येते. तिचे कापड व अकीक भडोच बंदरात जात असत. पण राजधानी ती ‘पूर्वीची’, असे तो लेखक म्हणतो! पुढे शक क्षत्रप चष्टनाने तिथूनच राज्य केले. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी तिथे गादी मांडली. १८१० मध्ये दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला हलवली.

नाव विजयाचे राहिले, राज्ये मात्र गेली. इब्री लोकांस पत्र (१३:१४) आपली नजर येणाऱ्या नगराकडे वळवते. आपल्या शहरासाठी व त्याच्या कारभाऱ्यांसाठी जरूर प्रार्थना करू या. भिस्त मात्र त्या अढळ नगराच्या राजावर ठेवू या. आमेन.