दुर्ग-भिलाईतील नोकरीची वाट : मुकादमापासून कार्डापर्यंत

रायपूर आणि बिलासपूर या जिल्ह्यांचे काही भाग तोडून 1906 मध्ये दुर्ग जिल्हा निर्माण झाला आणि त्यानंतरची पन्नास वर्षे तेथील सरकारी नोकरीचा दरवाजा नागपुरातच राहिला. नागपूर ज्याची राजधानी होती तो मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा प्रांत होता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पोचल्यापासून मराठी कुटुंबे तेथे वसत आली होती, आणि बंगाल नागपूर रेल्वेने दुर्ग थेट नागपूरशी जोडल्यावर कारकुनी, शिक्षकी व वकिली यांसाठी येणाऱ्यांची वाट सुकर झाली. अशा शिकलेल्या माणसाला सुवाच्य अर्ज, परीक्षेचा दाखला आणि एखाद्या वजनदार गृहस्थाचे शिफारसपत्र एवढी सामग्री पुरत असे.

शेतमजुराची वाट मात्र निराळी होती. आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर गोळा करणाऱ्या दलालाला आरकाटी म्हणत. गिरणीत, रेल्वेच्या कामावर किंवा ठेक्यावर माणसे लावणारा तो मुकादम अथवा सरदार. जवळच्या राजनांदगावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी निघाली आणि दूरच्या जमशेदपूरलाही छत्तीसगडी मजूर मोठ्या संख्येने जाऊ लागले. मुकादम गावचा, नात्याचा किंवा जातीचा असे, त्यामुळे परक्या मुलखात आधार मिळे. पण कामावर घेणारा आणि कामावरून काढणारा तोच असल्यामुळे मजुराची पहिली कमाई बहुधा त्याच्या हातावर ठेवावी लागे. 1931 मध्ये आपला अहवाल देणाऱ्या कामगारविषयक शाही आयोगाने या पद्धतीवर कठोर टीका केली, ती अगदी रास्त होती.

भिलाईने ही व्यवस्था मुळापासून हलवली. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. आरंभी माणसांचाच तुटवडा होता. जमीन गेलेल्या गावांतील शेतकरी कारखान्याकडे धास्तीने पाहत, धान पिकवण्याचा मोसम आला की बांधकामावरचा मजूर गावी परते, आणि कुशल कामगार देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतून येत. पुढे याच नोकरीसाठी रांगा लागल्या, कारण कायम पगार, सेक्टरमधील घर, दवाखाना आणि मुलांची शाळा एवढे एका नेमणूकपत्राबरोबर मिळत होते.

या रांगेला नियम देण्याचे काम रोजगार कार्यालयाकडे आले. महाराष्ट्रात ज्याला सेवायोजन कार्यालय म्हणत, ते हेच. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून 1945 मध्ये ही कार्यालये सुरू झाली, 1948 मध्ये ती सर्वांना खुली झाली, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी, म्हणजे दुर्ग जिल्ह्याचे नागपूरशी असलेले राजकीय नाते ज्या दिवशी तुटले त्याच दिवशी, त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. 1959 च्या कायद्याने सर्व सरकारी आस्थापनांना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असणाऱ्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा भरण्यापूर्वी कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले.

कार्यालयातील व्यवहार दोन कार्डांवर चाले. एक्स-1 हे सूचीकार्ड कार्यालयातच राही. त्यावर उमेदवाराचे शिक्षण, अनुभव आणि व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक असे. एक्स-10 हे ओळखपत्र उमेदवार घरी नेई, आणि त्यावर नोंदणी क्रमांक व नूतनीकरणाची तारीख असे. मागणी आली की कारकून त्या सांकेतिक क्रमांकाची कार्डे काढून, पात्रता आणि नोंदणीची ज्येष्ठता पाहून नावे पाठवी. म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवणाऱ्याची ज्येष्ठता जाण्याचा धोका असे, आणि आयटीआयचा दाखला नोंदवायला विसरलेल्या फिटरचे कार्ड बिगारी कामगारांच्या गठ्ठ्यात पडून राही. घरातील वडीलधारे मुलाला शाळा संपताच कार्ड काढायला पाठवत, ते याच कारणाने. ज्याचा कोणी मामा-काका कारखान्यात नव्हता, त्याला या कार्डाने प्रथमच रांगेत स्वतःच्या नावाची जागा दिली. ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही कायद्याची मर्यादा स्पष्ट होती. जागा कळवण्याची सक्ती होती. पाठवलेल्या उमेदवारालाच नेमण्याची नव्हती. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत ठेकेदारीवरील हजारो मजूर या रांगेच्या बाहेरच राहिले. 1977 मध्ये त्यांची संघटना बांधणारे शंकर गुहा नियोगी हे स्वतः एके काळी भिलाईच्या कोक ओव्हन विभागात कामाला होते. कायम नोकरी आणि ठेक्याचे काम यांतील ही दरी दुर्गच्या कामगार-इतिहासाचा गाभा आहे, आणि कार्डाची बाजू मांडताना ती झाकता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ठरवले की केवळ रोजगार कार्यालयाने पाठवलेल्या नावांतून निवड करणे पुरेसे नाही. जागांची जाहिरात वृत्तपत्रांतूनही द्यावी आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार व्हावा. तेव्हापासून कार्डाची ज्येष्ठता एकटी पुरेनाशी झाली आणि जाहिरात रोज पाहणे हे उमेदवाराचेच काम झाले.