सुश्रुतोक्त योग्या आणि प्राणिप्रयोगांस पर्याय

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नांवाचा आहे. योग्या म्हणजे हस्तकर्माचा अभ्यास. शिष्यानें शास्त्र कितीही ऐकलेलें असो, योग्या केली नसेल तर तो कर्मास अपात्रच, असा तेथील निर्णय आहे. प्राण्यांवरील प्रयोगांस पर्याय शोधण्याची चर्चा निघाली कीं या अध्यायाकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. तो दाखला कितपत टिकतो, हें येथें पाहण्याचें योजिलें आहे.

अध्यायांत प्रत्येक कर्मास निराळें द्रव्य नेमलेलें आहे. छेदनास कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी. भेदनास पाणी व चिखल भरलेली चामड्याची पिशवी. लेखनास केसाळ कातडें. वेधनास मृत पशूची शीर किंवा कमळाचा देंठ. एषणास किडीनें पोखरलेलें लांकूड व वेळू. आहरणास फणस, तोंडलें, बेल यांचा गर व मृत पशूचे दांत. विस्रावणास मेण लावलेली सांवरीची फळी. सीवनास तलम घट्ट वस्त्राच्या कडा. पट्टबंधनासाठीं सर्वांगयुक्त बाहुला सांगितला आहे, तर अग्निक्षारकर्मासाठीं मऊ मांसखंड.

या यादींत जिवंत प्राणी एकही नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तथापि मृत पशूंचीं अंगें आहेत. आणि कारण दिलें आहे तें प्रत्यक्ष कर्माच्या वेळीं वैद्य गोंधळूं नये, हें. भूतदयेचा तेथें उल्लेख नाहीं. उलट कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायांत राजाच्या अन्नांतील विष ओळखण्यासाठीं तें माशा व कावळे यांस टाकावें, चकोराचे डोळे पाहावे, असें सांगितलें आहे. म्हणजे एकाच संहितेंत हात तयार करण्यास फळें, आणि विष पारखण्यास जिवंत प्राणी!

हाच भेद आजही उपयोगी पडतो. रसेल व बर्च यांनीं 1959 मध्यें पर्याययोजना, संख्येंत घट व पीडेंत घट हीं तीन तत्त्वें मांडलीं. भारतांतील 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 17 व्या कलमांत वैद्यकीय शिक्षणापुरतीं पुस्तकें, प्रतिकृति, चित्रपट यांनीं काम भागत असेल तर प्रयोग टाळावे, असें म्हटलें आहे. या शिक्षणाच्या प्रांतांत सुश्रुताचा दाखला पूर्ण लागू पडतो. औषधाची विषारता पारखण्याच्या प्रश्नास मात्र योग्याध्याय उत्तर देत नाहीं. तेथें त्याचा आधार घेणें म्हणजे ग्रंथाच्या तोंडीं नसतें वचन घालणें होय.

नेपाळांतील कैसर ग्रंथालयांत या संहितेची इ. स. 878 ची, डल्हणाच्या टीकेहून जुनी, तालपत्रपोथी आहे. ज्या संग्राहकांपाशीं सूत्रस्थानाच्या पोथ्या असतील त्यांनीं या अध्यायांतील द्रव्यांचीं नांवें मुद्रित पाठाशीं ताडून पाहावीं व पाठभेद नोंदवावे, अशी आमची विनंती आहे.